तणासाठी नांगर की आंतरपीक?

खोल नांगरट केली की रान स्वच्छ दिसतं. वरचं तणाचं बी खाली गाडलं जातं आणि बारीक बी पाच-सात सेंटिमीटरखालून सहसा वर येत नाही. पण ते मरतंच असं नाही. पुढच्या नांगरटीत तेच बी पुन्हा वर! हराळी-लव्हाळ्याचं गणित वेगळं: कडक उन्हात गड्डे उघडे पडले तर सुकतात, ओलीत तुकडे झाले तर दुप्पट फुटतात. शिवाय डिझेलचा खर्च पीक उगवण्याआधीच होतो.

आंतरपीक तणाची जागाच अडवतं. तुरीची सुरुवातीची वाढ संथ; दोन ओळींतली मोकळी जमीन सोयाबीन किंवा मूग लवकर झाकतो, तणाला ऊन मिळत नाही. तरी पहिले ३०-४५ दिवस खुरपणी चुकत नाही. तणनाशकही दोन्ही पिकांना चालणारंच लागतं, काढणी दोनदा.

नफ्यात मात्र माझा कौल आंतरपिकाला. जमीन समतुल्य गुणोत्तर १.२ आलं, तर तेवढंच उत्पादन वेगवेगळं घ्यायला २० टक्के जास्त जमीन लागली असती. मजूरच मिळत नसतील तर हलकी वखरणी बरी.