व्हर्ट-कस्टमाइझ आणि लिबगेस्टएफएसची बाकी टूल्स: व्हीएम (व्हर्च्युअल मशीन) चालू न करता इमेज बनवायची असेल तर हेच वापरा

केव्हीएम (लिनक्सवर व्हीएम चालवायची सोय) किंवा त्यावरच चालणाऱ्या प्रॉक्समॉक्सवर ज्यांच्या थोड्याफार व्हीएम चालतात आणि नवीन मशीन लागलं की जे अजून आयएसओ (इन्स्टॉलरची फाइल) लावून नेक्स्ट-नेक्स्ट करत बसतात, त्यांनी हा रिव्ह्यू नक्की वाचा. व्हर्ट-कस्टमाइझ हे टूल फुकट आहे, ओपन सोर्स आहे, आणि रेड हॅटच्या रिचर्ड जोन्स यांनी २००९ साली सुरू केलेल्या लिबगेस्टएफएस प्रोजेक्टमधून आलंय, म्हणजे काल-परवाचं नाही, चांगलं मुरलेलं आहे.

काम काय करतं तर तुमच्याकडे क्यूकाऊ-टू किंवा रॉ फॉरमॅटची डिस्क इमेज (व्हीएमची अख्खी डिस्क एका फाइलमध्ये) असते, ती बूट न करता तिच्या आत पॅकेज टाकायचे, फाइल कॉपी करायच्या, रूटचा (मुख्य अ‍ॅडमिनचा) पासवर्ड बदलायचा, एसएसएच की (दुरून लॉगिन करायची) घालायची, होस्टनेम आणि टाइमझोन लावायचा, हे सगळं एका कमांडमध्ये. आतून ते क्यूईएमयू (व्हीएम चालवणारा प्रोग्रॅम) वापरून एक अगदी छोटी लिनक्स व्हीएम उभी करतं, कर्नल (लिनक्सचा गाभा) होस्टचाच, म्हणजे ज्या मशीनवर टूल चालतंय तिचाच घेतं, तुमची डिस्क त्या व्हीएमला जोडतं आणि तिथे माउंट करून काम करतं. म्हणजे कुठूनतरी आलेली अनोळखी इमेज तुमच्या होस्टच्या कर्नलवर थेट माउंट होत नाही. लूप डिव्हाइस लावून, सीएच-रूट करून जे लोक हेच काम हाताने करतात त्यांना ही सेफ्टी मिळत नाही, वर सुडोही लागतो आणि मध्येच काही फाटलं तर अर्धवट माउंट साफ करत बसावं लागतं ते वेगळंच.

माझा नेहमीचा वापर सांगते. युबुन्टू २२.०४ ची क्लाउड इमेज (आधीच इन्स्टॉल केलेली तयार डिस्क) उतरवायची, मग व्हर्ट-कस्टमाइझला डॅश-ए ने ती फाइल द्यायची, इन्स्टॉल ऑप्शनमध्ये क्यूईएमयू-गेस्ट-एजंट (व्हीएमच्या आतून होस्टशी बोलणारी सर्व्हिस), आणि ज्या मशीनवर मराठी पीडीएफ बनतात तिथे फॉन्ट्स-लोहित-देवा (हा फॉन्ट नसला की सर्व्हरवर बनलेल्या पीडीएफमध्ये देवनागरीच्या जागी नुसते चौकोन येतात), टाइमझोन एशिया/कोलकाता, झालं. स्क्रीनवर डावीकडे चौकटी कंसात सेकंद पळत राहतात आणि पुढे एकेक ओळ येते, आधी एक्झामिनिंग द गेस्ट, मग सेटिंग अ रँडम सीड, मग इन्स्टॉलिंग पॅकेजेस, शेवटी फिनिशिंग ऑफ. कुठे वेळ जातोय ते तिथल्या तिथे कळतं, आणि कमांड मध्येच फेल झाली तर टूल तिथेच थांबतं, अर्धी इमेज यशस्वी म्हणून पुढे ढकलत नाही. एक बघा, त्या इमेजची व्हर्च्युअल साइज जेमतेम सव्वादोन जीबी असते, त्यामुळे जड पॅकेजेस टाकली तर जागा संपते, म्हणजे डिस्क आणि आतलं पार्टिशन दोन्ही आधी मोठं करून घ्यायला लागतं.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी बहुतेक ट्यूटोरियलमध्ये नसतेच. क्लाउड इमेजमध्ये मशीन-आयडीची (मशीनचा स्वतःचा ओळख नंबर) फाइल मुद्दाम रिकामी ठेवलेली असते म्हणजे प्रत्येक मशीन पहिल्यांदा बूट होताना आपापला आयडी बनवेल. व्हर्ट-कस्टमाइझ मात्र काम सुरू करताना ती फाइल रिकामी दिसली की स्वतःच त्यात एक आयडी लिहून टाकतं. मग त्या इमेजवरून दहा क्लोन काढले की दहाही मशीनचा आयडी एकच, आणि युबुन्टू डीएचसीपीकडे (आयपी वाटणाऱ्या सर्व्हरकडे) स्वतःची ओळख त्या आयडीवरूनच सांगतं, नेटवर्क कार्डच्या मॅक अ‍ॅड्रेसवरून नाही, त्यामुळे मॅक वेगवेगळे असूनही दोन मशीनना एकच आयपी मिळतो आणि एसएसएच कधी एकीकडे लागतो कधी दुसरीकडे, माणूस स्विच, केबल, फायरवॉल सगळं तपासत बसतो. उपाय एका ओळीचा आहे, कमांडच्या शेवटी ट्रंकेट ऑप्शन लावून ईटीसी मधली मशीन-आयडी फाइल परत रिकामी करायची. फाइल डिलीट नाही, रिकामी. हे डॉक्युमेंटेशनमध्ये पहिल्या पानावर ठळक अक्षरात असायला हवं असं मला मनापासून वाटतं, कारण इतक्या चांगल्या टूलला लोक उगाच नावं ठेवतात.

आधी चाललेल्या मशीनवरून टेम्प्लेट बनवायचं असेल तर व्हर्ट-सिसप्रेप आहे. लॉग, बॅश हिस्टरी, डीएचसीपीचे लीज, एसएसएचच्या होस्ट की, मशीन-आयडी, सगळं धुवून काढतं. दोन ठिकाणी लक्ष द्या. एक म्हणजे ते युजरच्या होम फोल्डरमधली डॉट-एसएसएचसुद्धा उडवतं, त्यामुळे आधी घातलेल्या की जातात, नको असेल तर ऑपरेशन्समधून एसएसएच-युजरडिर वगळायचं. दुसरं, होस्ट की उडाल्यावर फेडोरा, आल्मा वगैरे बूटला नवीन की आपोआप बनवतात, साध्या डेबियनवर तसं होत नाही, एसएसएच सर्व्हर उठतच नाही, म्हणून फर्स्टबूट-कमांडमध्ये (पहिल्या बूटला चालणारी कमांड) डीपीकेजी-रीकॉन्फिगर ओपनएसएसएच-सर्व्हर द्यायचं.

सेटअपला मात्र थोडा त्रास आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. युबुन्टू होस्टवर बूटमधली कर्नल फाइल फक्त रूटला वाचता येते, त्यामुळे साध्या युजरने चालवलं की सुपरमिनचा (ती आतली छोटी व्हीएम तयार करणारा प्रोग्रॅम) भलामोठा एरर येतो, परमिशन बदलली की चालतं पण कर्नल अपडेट झाला की परत तेच. होस्टवर डीएचसीपी क्लायंट नसेल तर आतल्या छोट्या व्हीएमला नेटवर्क मिळत नाही आणि एपीटी (पॅकेज उतरवणारं टूल) म्हणतं नाव रिझॉल्व्ह होत नाही, मग माणूस डीएनएस शोधत फिरतो. भाड्याच्या व्हीपीएसवर केव्हीएम नसेल तर काम होतं पण फारच हळू. म्हणून पहिल्या दिवशी सगळ्यात आधी लिबगेस्टएफएस-टेस्ट-टूल चालवा, ते शेवटी टेस्ट फिनिश्ड ओके म्हणालं तरच पुढे जा.

आणि चालू व्हीएमच्या डिस्कवर हे टूल कधीही चालवू नका. कधीही म्हणजे कधीही. दोन कर्नल एकाच फाइलसिस्टिमवर लिहायला लागले की डेटा गेला. चालू मशीनमध्ये नुसतं डोकवायचं असेल तर गेस्टफिश (याच संचातलं, इमेजच्या आत बघायचं टूल) रीड-ओन्लीमध्ये उघडा.

बाकी टूल्सपैकी व्हर्ट-एडिट मला फार आवडतं. एफएसटॅबमध्ये (बूटला कोणत्या डिस्क माउंट करायच्या त्याची फाइल) एक चुकीची ओळ गेल्यामुळे मशीन बूट होत नसेल तर रेस्क्यू आयएसओ शोधायची गरज नाही, मशीन बंद करा, व्हर्ट-एडिटने ती फाइल उघडा, ओळ दुरुस्त करा, चालू करा. व्हर्ट-स्पार्सिफाय इन-प्लेस चालवून रिकामी जागा परत मिळते, इमेज दुसऱ्या ऑफिसला पाठवायची असेल तर खूपच फरक पडतो. व्हर्ट-रिसाइझ मात्र क्लाउड इमेजसाठी घेऊ नका, त्या इमेजमध्ये पार्टिशनचे नंबर उलटसुलट असतात, रिसाइझ ते क्रमाने लावतं आणि मग ग्रब (बूटलोडर) सापडत नाही म्हणून बूट अडकतं. तिथे क्यूईएमयू-इमेज रिसाइझने फक्त डिस्क मोठी करा, आतलं पार्टिशन क्लाउड-इनिट (क्लाउड इमेजमध्ये बूटला सेटिंग करणारा प्रोग्रॅम) बूटला वाढवून घेतं.

पॅकरशी (हॅशीकॉर्पचं इमेज बनवायचं टूल) तुलना लोक विचारतातच. एडब्ल्यूएस, अझूर, व्हीएमवेअर सगळीकडे एकच इमेज न्यायची असेल तर पॅकर घ्या, त्याला तोड नाही, पण ते खरी मशीन बूट करून एसएसएचने आत जातं त्यामुळे वेळ जास्त लागतो, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये हॅशीकॉर्पने त्याचं लायसन्स बदलून बीएसएल (वापरावर बंधनं असलेलं, ओपन सोर्स नसलेलं) केलं हे काही कंपन्यांना चालत नाही. नुसतं केव्हीएम असेल तर पॅकरची गरजच नाही. विंडोजवाल्यांनी इथे वेळ घालवू नये, फाइल टाकणं, फर्स्टबूट स्क्रिप्ट लावणं एवढंच होतं, तुमच्यासाठी डिझमच (विंडोजचं स्वतःचं इमेज टूल) बरं.

रास्पबेरी पायची इमेज साध्या इंटेल पीसीवर बनवणाऱ्यांसाठी एक सूचना: होस्ट आणि गेस्टचं आर्किटेक्चर वेगळं असेल तर इन्स्टॉल आणि रन-कमांड चालत नाहीत, टूल स्वच्छ सांगतं की फर्स्टबूट स्क्रिप्ट वापरा. फाइल कॉपी करणं, होस्टनेम लावणं वगैरे चालतं. मग कार्डवर लिहायला डीडी ऐवजी बीमॅपटूल घ्या, ते रिकामे ब्लॉक सोडून देतं आणि लिहिताना चेकसम तपासतं, त्यामुळे इमेजची फाइलच खराब झाली असेल तर तिथेच कळतं, कार्ड पायमध्ये घालेपर्यंत थांबायला लागत नाही.