हेडबॉल २चे ‘फुकट हिरे’: गंडा कसा घालतात आणि पैसे कुठून जातात

डोकं भोपळ्याएवढं, पाय बोटभर, आणि ९० सेकंदांत जास्त गोल करेल तो जिंकला. हेडबॉल २ हा मोबाइलवरचा कार्टून फुटबॉल शिकायला दोन मिनिटंही लागत नाहीत. शाळकरी मुलं तो आवडीने खेळतात आणि फोन बरेचदा आईचा किंवा बाबांचा असतो. भामट्यांना हेच हवं असतं. खेळणारा एक, आणि बँकेला जोडलेलं सिम दुसऱ्याचं.

नवी पात्रं, सुपरपॉवर वगैरेंसाठी हिरे आणि नाणी लागतात. ती खेळून हळूहळू मिळतात किंवा विकत घ्यावी लागतात. दोन-चार सामने तगड्या गड्याकडून हरलं की मुलं ‘फ्री डायमंड्स’ शोधायला लागतात. तिथून व्हिडिओ, व्हिडिओखाली लिंक, आणि लिंकमागे ‘जनरेटर’चं, म्हणजे फुकट हिरे तयार करून देतो म्हणणारं पान.

हे पान फक्त खेळातलं नाव विचारतं. पासवर्ड मागत नाही, म्हणून धोका वाटत नाही. मग अँड्रॉइड की आयफोन, हिरे किती हवेत, आणि ‘पुढे’. काळ्या चौकटीत हिरवी अक्षरं धावू लागतात: सर्व्हरशी जोडणी झाली, खातं सापडलं, हिरे जमा होत आहेत. शेवटच्या टप्प्यावर गाडी अडते आणि ‘तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा, खालची दोन अ‍ॅप टाका’ असं येतं. ती धावणारी अक्षरं म्हणजे निव्वळ अ‍ॅनिमेशन. नावाच्या जागी ‘कखग’ टाकलं तरी ‘खातं सापडलं’ हेच उत्तर मिळतं.

हिरे मिळणं शक्यच नसतं, कारण ते फोनमध्ये नसतातच. सामना इंटरनेटवरून दुसऱ्या खऱ्या खेळाडूशी होतो आणि हिऱ्यांचा हिशेब कंपनीच्या सर्व्हरवर राहतो. पडद्यावर दिसतो तो त्या हिशेबाचा आकडा. बाहेरच्या पानाला त्या वहीत खाडाखोड करता येत नाही. पानवाल्याची कमाई वेगळीच असते: तुम्ही टाकलेल्या प्रत्येक अ‍ॅपमागे, भरलेल्या प्रत्येक सर्वेक्षणामागे त्याला जाहिरातदाराकडून कमिशन मिळतं. म्हणून दोन अ‍ॅप झाली की आणखी दोन येतात. काही पानं मोबाइल नंबर आणि ओटीपी मागतात. तो दिला की सिमवर एखादी सशुल्क सेवा चालू होऊ शकते आणि रिचार्जमधून पैसे कटत राहतात. अशी सेवा बंद करायला १५५२२३ हा नंबर आहे.

इथवर नुकसान थोडकंच असतं. खरा दणका ‘मॉड एपीके’ देते, म्हणजे खेळात फेरफार केलाय असं सांगून वाटली जाणारी अँड्रॉइड अ‍ॅपची फाइल. प्ले स्टोअरबाहेरची ही फाइल खेळावर बसवायला गेलं की ‘अ‍ॅप इन्स्टॉल झालं नाही’ असा संदेश येतो. अँड्रॉइड इथे बरोबर वागत असतं: मूळ कंपनीची डिजिटल सही आणि या फाइलवरची सही जुळत नाही, म्हणून ते नकार देतं. फाइल देणारा वाटाड्या म्हणतो, जुना खेळ काढून टाका, प्ले प्रोटेक्ट (घातक अ‍ॅप ओळखणारी गूगलची तपासणी) बंद करा, मग टाका. खातं गूगल किंवा फेसबुकशी न जोडता पाहुणा म्हणून खेळणाऱ्याने मूळ खेळ काढला की आजवरची सगळी मेहनत तिथेच जाते. पुढे परवानग्या येतात. फुटबॉलच्या खेळाला एसएमएस वाचायची गरज काय? इतर अ‍ॅपवर पडदा दाखवायची? आणि अ‍ॅक्सेसिबिलिटीची (दिव्यांगांना फोन वापरता यावा म्हणून असलेली सोय) तर मुळीच नाही. ही परवानगी मिळाली की ते अ‍ॅप पडद्यावरचं वाचू शकतं, तुमच्या वतीने बटणं दाबू शकतं. ओटीपी येतो, वाचला जातो, आणि पैसे गेल्याचा संदेश दिसण्याआधीच पुसलाही जाऊ शकतो. आणखी एक खूण म्हणजे फाइलचा आकार. प्ले स्टोअरवरच्या खेळाच्या मानाने ती अगदीच लहान असेल, तर आत खेळ नाहीच असं समजा.

तयार खातं विकत घेण्याचा धंदा टेलिग्रामवर चालतो. पैसे आधी, लॉगिन नंतर. बरेच जण पैसे घेऊन ब्लॉक करतात. उरलेले लॉगिन खरंच देतात, पण त्या गूगल खात्याचा रिकव्हरी नंबर, म्हणजे खातं परत मिळवायचा फोन नंबर, त्यांचाच असतो. काही दिवसांनी पासवर्ड बदलून खातं परत त्यांच्याकडे जातं आणि पुढच्या गिऱ्हाइकाला विकलं जातं. कंपनीकडे दाद मागता येत नाही, कारण खातं विकणं-विकत घेणं नियमातच बसत नाही. आपलं खातं विकू पाहणाराही सुटत नाही: ‘पैसे घ्यायला हा क्यूआर स्कॅन करा आणि पिन टाका’ असा निरोप येतो. यूपीआय पिन फक्त पैसे पाठवताना किंवा शिल्लक बघताना लागतो, घेताना कधीच नाही. अर्ध्या किमतीतले हिरे बहुधा चोरीच्या कार्डावर घेतलेले असतात. कार्डमालकाने तक्रार केली की व्यवहार उलटतो आणि बंदी येते ती तुमच्या खात्यावर.

पैसे गेलेच, तर क्रम महत्त्वाचा. संशयित अ‍ॅप असेल तर आधी फोन विमान मोडवर टाका आणि दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून यूपीआय, कार्ड, नेटबँकिंग बंद करा. लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. व्यवहाराची वेळ, रक्कम आणि १२ अंकी यूपीआय संदर्भ क्रमांक हाताशी ठेवा. पैसे मिनिटामिनिटाला एका खात्यातून दुसऱ्यात सरकवले जातात, म्हणून ‘उद्या बघू’ चालत नाही. तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वरही नोंदवा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७च्या परिपत्रकानुसार ग्राहकाने स्वतःच ओटीपी दिला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून कळवल्याची वेळ आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा.

अ‍ॅप हटत नसेल तर फोन सेफ मोडमध्ये, म्हणजे बाहेरून टाकलेली अ‍ॅप बंद ठेवून, चालू करा. सेटिंग्जमधून त्याची अ‍ॅक्सेसिबिलिटी आणि डिव्हाइस अ‍ॅडमिनची परवानगी काढा, मग अ‍ॅप काढा. तरीही खात्री नसेल तर फोटो बाजूला काढून फोन फॅक्टरी रीसेट केलेला बरा. पासवर्ड त्यानंतर, आणि दुसऱ्या फोनवरून बदला.

मुलाने खऱ्या प्ले स्टोअरमधूनच हिरे घेतले असतील तर तो वेगळा मामला. ४८ तासांच्या आत गूगलकडे परताव्याचा अर्ज करता येतो. अनोळखी माणसाने केलेल्या खरेदीसाठी १२० दिवसांची मुदत आहे. प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये ‘प्रत्येक खरेदीसाठी पडताळणी’ चालू करून ठेवा.

तक्रारीनंतर कुणी ‘सायबर एक्स्पर्ट’ म्हणून निरोप पाठवू शकतो: गेलेले पैसे परत आणतो, आधी थोडी फी भरा. ती भरू नका. १९३० वर किंवा पोलिसांकडे तक्रार नोंदवायला कसलीही फी लागत नाही.