१४ इंची डबा टीव्ही आणि रविवारचा मोगली: आठ महिन्यांनंतर

आधी हिशेब सांगतो. टीव्ही ९०० रुपये, मेकॅनिककाकांचे ४५०, नव्या एचडीएमआय जोडणीचं चित्र जुन्या टीव्हीच्या एव्ही वायरींत देणारी डबी ३५०, मीडिया प्लेअर घरात पडून होता. बायकोच्या मते यात माझं डोकं फिरल्याचा खर्च धरलेला नाही. गेल्या गणपतीत भंगारवाल्याच्या हातगाडीवरून उतरवून घेतलेला हा जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही आता आठ महिने आमच्या आतल्या खोलीत आहे आणि त्यावर फक्त कार्टून लागतात. माझ्या लहानपणची.

हे खूळ २०२० च्या लॉकडाउनमध्ये शिरलं. दूरदर्शनने ‘जंगल बुक’ परत दाखवायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी जेवणाचं ताट घेऊन टीव्हीसमोर बसलो आणि दहा मिनिटांत चुळबुळ सुरू झाली. गाणं तेच, गुलजारांचे शब्द, विशाल भारद्वाजची चाल. शेरखानचा आवाज तोच, नाना पाटेकरांचा. पण आमच्या ४३ इंची टीव्हीने चौकोनी चित्र ताणून भिंतभर केलं होतं. बल्लू मुळातच जाडा, तो आता आडवा पसरला होता आणि मोगलीचं तोंड पुरीसारखं टम्म फुगलेलं. सेटिंग बदलून चित्र नीट केलं तर दोन्ही बाजूंना काळे पट्टे आणि मधे सगळं धूसर. तेव्हा सोडून दिलं.

पुढे लेक सात वर्षांची झाली. तिला दाखवावं म्हणून जुनी कार्टून शोधायला लागलो, तेव्हा आणखी एक प्रकार कळला. काही जुनी कार्टून नव्या रुंद पडद्यात बसावीत म्हणून वरून-खालून कापलेली असतात. जुनं ४:३ चं चौकोनी चित्र नव्या १६:९ च्या रुंद पडद्यात कापून बसवलं की उंचीचा चौथा हिस्सा जातो. मोठ्या माणसांच्या मालिकेत एखाद वेळी खपेलही, पण ‘टॉम अँड जेरी’त अर्धी गोष्ट फरशीलगत घडते. जेरीचं बीळच खालच्या कडेला. ते कापल्यावर राहिलं काय?

म्हणून चौकोनी टीव्ही. रस्त्यात हातगाडीवर तो दिसला तेव्हा मला पहिल्यांदा ‘स्वॅट कॅट्स’ आठवलं. त्यातले दोघे बोके दिवसा भंगारच्या अड्ड्यावर मेकॅनिक असतात आणि त्याच भंगारातून जेट विमान उभं करतात. मला विमान नको होतं, पण भाव करताना अंगात तेवढाच जोर आला होता. भंगारवाला बाराशे म्हणाला, मी सहाशे, नऊशेवर तुटलं.

घरी आणून लावला तर चित्र मधेच आडव्या रेषेत मिटायचं आणि वरून थाप मारली की उघडायचं. मेकॅनिककाकांनी मागचं झाकण काढलं, आत फुंकर मारली, धूळ माझ्याच तोंडावर आली. “ड्राय सोल्डर आहे ओ, बाकी ट्यूब एक नंबर. ईएचटी मात्र गेला तर माझ्याकडे येऊ नका, पार्ट मिळत नाहीत.” (ड्राय सोल्डर म्हणजे आतला सैल झालेला डाग, ईएचटी म्हणजे ट्यूबला हजारो व्होल्ट पुरवणारा भाग.) आणि निघताना पुन्हा मागे वळून, “स्वतः उघडायचा नाही हां. बंद असला तरी आत करंट साठलेला असतो.” हे दुसरं वाक्य कोणीही गंमत म्हणून घेऊ नये. पिक्चर ट्यूबमध्ये हजारो व्होल्ट असतात.

डबीचा घोळ मात्र मी स्वतः निस्तरला, त्यात दोन रविवार गेले. टीव्हीला दोनच भोकं, पिवळं चित्राचं आणि पांढरं आवाजाचं. डबीला तीन वायरी, म्हणून लाल लोंबकळत राहते. चालतं, टीव्हीला स्पीकर एकच आहे आणि आमच्या लहानपणी आवाजही एकाच बाजूने यायचा. चित्र आलं ते ब्लॅक अँड व्हाइट. डबीच्या कुशीत बारीक बटण असतं, एका बाजूला पॅल, दुसऱ्या बाजूला एनटीएससी. रंगीत चित्राच्या या दोन पद्धती. बटण एनटीएससी या अमेरिकी पद्धतीवर होतं. आपल्याकडचे जुने टीव्ही पॅलचे. बटण सरकवलं, रंग आले.

मग कळलं की सगळी मंडळी वाळली आहेत. ‘डकटेल्स’मधला अंकल स्क्रूज काडीसारखा, बल्लू तर डाएट करून आल्यासारखा. कारण ही डबी १६:९ चं चित्र सरळ दाबून ४:३ मध्ये कोंबते, बाजूच्या काळ्या पट्ट्यांसकट. उपाय उलटा निघाला. प्लेअरच्या सेटिंगमध्ये जाऊन चित्र मुद्दाम ताणून रुंद करायचं, म्हणजे डबीने दाबल्यावर ते बरोबर मापात येतं. आधी सगळ्यांना जाड करायचं, मग बारीक. हे कुठल्याही कागदावर लिहून येत नाही, म्हणून इथे लिहितोय.

आता चित्राबद्दल. खरं सांगायचं तर मी निराश व्हायची तयारी ठेवली होती. पण जी फाइल मोठ्या टीव्हीवर धुरकट, ठोकळे ठोकळे दिसते तीच इथे गोड दिसते. ट्यूबवर रेषांच्या कडा आपोआप मऊ होतात आणि काळा रंग अंधारात खराच काळा वाटतो. रात्रीच्या जंगलात बघीराचे फक्त डोळे दिसतात तो भाग मी तीनदा पाहिला, मुलगी झोपल्यावर. एक तोटा, ट्यूबची चौकट कडेचा थोडा भाग गिळते. टीव्हीसाठी कार्टून काढणाऱ्यांनी ते धरूनच चित्रं काढलेली असायची, त्यामुळे त्यात काही बिघडत नाही. सबटायटल मात्र खाली अर्धवट कापली जातात.

कार्टूनचा निकाल मिश्र आहे. मोगलीला पैकीच्या पैकी. ५२ भाग, निप्पॉन अ‍ॅनिमेशन या जपानी कंपनीचे. लहानपणी मिरजेत आम्हाला ते जपानी आहेत याचा पत्ताच नव्हता, आम्ही जंगल चंद्रपूरकडचं समजत होतो. त्याच काळात दूरदर्शनवर ‘टेलस्पिन’ही लागायचं, त्यातही बल्लू आणि शेरखान. एकीकडे शेरखान मोगलीच्या जिवावर उठलेला, दुसरीकडे तोच सूट घालून ऑफिसात बसलेला बडा शेठ, आणि बल्लू विमान चालवतोय. मी आठ वर्षांचा असताना याचा असा अर्थ लावला होता की मोगली गावात गेल्यावर बाकीच्यांनी नोकऱ्या धरल्या. लेकीला हे सांगितलं तर म्हणाली, “बाबा, बरोबरच आहे की!”

१९९५ साली कार्टून नेटवर्क आलं, तेव्हा केबल फक्त शेजारच्या काकूंकडे होती. सगळं इंग्रजीत, हिंदी १९९९ नंतर. रात्री त्याच चॅनेलवर टीएनटी या दुसऱ्या वाहिनीचे जुने इंग्रजी सिनेमे सुरू व्हायचे, म्हणजे आता घरी पळा. चार वर्षं आम्ही एक शब्द न कळता ‘फ्लिंटस्टोन्स’ पाहिलं आणि खदाखदा हसलो. आता सगळं कळतं, आणि हसू कमी येतं. अर्धे विनोद नवरा-बायकोच्या भांडणावर आहेत. शिवाय चोरी पकडली जाते. फ्रेड घरातून पळत जातो तेव्हा मागून तीच खिडकी, तोच दिवा परत परत जातो. योगी अस्वलाच्या गळ्यात कॉलर आणि टाय का, तर धड तसंच ठेवून फक्त डोकं नव्याने काढता यावं म्हणून. टीव्हीसाठी कमी पैशात भराभर भाग काढायचे तर असंच करावं लागणार. माझी तक्रार नाही, पण एकदा दिसलं की मग दुसरं काही दिसतच नाही.

गंमत म्हणजे ‘फ्लिंटस्टोन्स’ आणि योगी काढणाऱ्या हॅना आणि बार्बेरा याच जोडीने त्याआधी १९४० ते १९५८ मध्ये एमजीएम या हॉलिवूडच्या स्टुडिओसाठी ‘टॉम अँड जेरी’चे ११४ लघुपट केले. ते थिएटरसाठी होते, पैसा आणि वेळ दोन्ही होतं, सात ऑस्कर मिळाले. म्हणजे मी ज्याला ‘ओरिजिनल’ समजून ट्यूबवर पाहतोय ते आमच्यापर्यंत आलं तेव्हाच सेकंडहँड होतं. स्कॉट ब्रॅडलीचं संगीत या टिचभर स्पीकरवरही कळतं. टॉम पायऱ्या उतरतो तर वाद्यंही पायऱ्या उतरतात. मात्र मुलांसमोर डोळे झाकून लावू नका. घरकाम करणारी ती काळी बाई, जिचे फक्त पाय आणि सपाता दिसायच्या, आणि स्फोटानंतर तोंड काळं झालं की केलेली ती चेष्टा, हे लहानपणी डोक्यावरून गेलं होतं. लेकीने विचारलं, “तिचं तोंड का दाखवत नाहीत?” प्लेअर थांबवून अर्धा तास बोलावं लागलं. मला सगळं नीट सांगता आलं असं नाही.

‘स्वॅट कॅट्स’ शेकडो भागांचं असेल अशी माझी पक्की समजूत होती. जेमतेम दोन हंगाम आहेत. आम्ही तेच तेच पाहिलं होतं.

एक प्रयोग साफ फसला. मी जाहीर केलं होतं की आठवड्यात एकच भाग, रविवारी सकाळी, आंघोळ करून. आमच्या वेळी कसं, लाइट गेली की भाग गेला, वारा आला की गच्चीवर जाऊन अँटेना फिरवायचा, खालून ओरडायचं, “मुंग्याच आहेत अजून!” वगैरे भाषणही झालं. तीन रविवार टिकलं. चौथ्या रविवारी ती म्हणाली, “पण पुढचा भाग त्या डबीत आहे ना? मग का नाही लावायचा?” याला उत्तर नव्हतं. आम्ही वाट पाहत होतो कारण दुसरं काही नव्हतं, त्यात संस्कार वगैरे काही नव्हते. आता ती तिच्या पद्धतीने बघते. जेरी सापळ्यातलं चीज काढतो तेवढंच अकरा वेळा.

घ्यायचा विचार असेल तर काही गोष्टी. टीव्ही लहान दिसतो पण उचलायला दोघं लागतात, सगळं वजन काचेच्या बाजूला. मागे वीतभर जागा सोडा, तापतो. शेजारी स्पीकर ठेवू नका. गणपतीत आरतीसाठी ठेवला होता, तर कोपऱ्यात हिरवा डाग पडला. टीव्ही अर्धा तास बंद ठेवून पुन्हा लावला, सुरुवातीचा तो ‘धुम्म’ आवाज झाला, असं तीन-चारदा केल्यावर डाग गेला. सवय मोडलेल्या डोळ्यांना पडदा लुकलुकतो, पहिल्या आठवड्यात माझं डोकं दुखलं. आणि ईएचटी गेला की हा टीव्ही परत हातगाडीवर, हे धरूनच चाला.

शेवटची गोष्ट दिवाळीनंतर लक्षात आली. मी आवाज पूर्ण बंद करून सेटिंग लावत होतो. लेक स्वयंपाकघरातून ओरडली, “बाबा, टीव्ही लावलास ना?” दार बंद होतं. कसं कळलं विचारलं तर म्हणाली, “टीं असं वाजतं ना सारखं.” मला काहीच ऐकू येत नव्हतं. पॅलच्या ६२५ रेषा, सेकंदाला २५ वेळा, म्हणजे १५,६२५ हर्ट्झची शिट्टी. वय वाढलं की कान सगळ्यात आधी असे उंच सूर सोडतात. मिरजेत आमच्या जिन्यात उभं राहून मी सांगू शकायचो की काकूंकडे टीव्ही चालू आहे, आवाज बंद असला तरी.

काल मी तिला सांगितलं, ऐकू येत असेल तोवर मला सांगत जा. ती म्हणाली, “आत्ता चालू आहे.” जाऊन पाहिलं. रात्रभर चालूच राहिला होता.