‘मित्राची गाडी म्हणून सांगा’

गोव्यात कळंगुट, बागा, हणजूण पट्ट्यात पांढऱ्या नंबरप्लेटची खासगी स्कूटर भाड्याने सहज मिळते. परवानाधारक रेन्ट-अ-बाईकची प्लेट काळी, अक्षरे पिवळी. पांढरी थोडी स्वस्त पडते. पडेल त्या दिवशी फरक कळतो.

अपघात झाला की मालक धावत येतो. ‘पोलिसांना भाड्याची म्हणू नका, मित्राची म्हणा, इन्शुरन्सचं मी बघतो.’ बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेज इस्पितळात) पडलेला माणूस तसाच जबाब देतो, आणि तिथेच फसतो.

मालक वाचवत असतो स्वतःला. खासगी पॉलिसीत गाडी भाड्याने देण्याला मनाई असते. भाडे उघड झाले की मोटार वाहन कायद्याच्या कलम १५० खाली विमा कंपनीला बचाव मिळतो. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण अनेकदा तिला तिसऱ्या पक्षाची, म्हणजे अपघातात इजा झालेल्या इतरांची, भरपाई आधी द्यायला लावते, पण ती मालकाकडून वसूल करण्याची मुभाही देते.

‘मित्र’ होऊन चालवणाऱ्याच्या पदरात काय पडते? मागून आणलेली गाडी चालवणारा मालकाच्याच जागी धरला जातो. त्या गाडीच्या थर्ड पार्टी विम्यात तो ‘तिसरा’ नसतो. १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असलाच तर मालक-चालकाचा. मागे बसलेल्यालाही नुसती थर्ड पार्टी पॉलिसी उपयोगाची नाही, पॅकेज (सर्वसमावेशक) पॉलिसी लागते.

खरे नुकसान पुढे आहे. चूक समोरच्या टॅक्सीची असेल तर भरपाई टॅक्सीच्या विमा कंपनीने द्यायची, तुमची प्लेट कुठल्याही रंगाची असो. हा हक्काचा दावा खोट्या जबाबाने पोखरला जातो. कंपनीचा तपासनीस मालकाला केलेले यूपीआय पेमेंट काढतो. मग ‘हा साक्षीदार एकदा खोटे बोललाय’ एवढे तिच्या वकिलाला पुरते.

म्हणून जबाब खरा द्या, भाड्याचा मेसेज आणि पेमेंटचा स्क्रीनशॉट जपा. पोलिसांनी ४८ तासांत न्यायाधिकरणाला द्यायच्या पहिल्या अपघात अहवालाची (फॉर्म १) प्रत मागा. कलम १६६ खालच्या भरपाईच्या दाव्याला कायद्यात अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे, आणि दावा राहत्या जागच्या न्यायाधिकरणातही चालतो. कोल्हापूरकराला पणजीच्या खेपा नकोत. मालकाने लायसन्स अडवून ‘मिटले’ असे लिहिलेला कागद पुढे केला तर सही करू नका. हाड जुळून अपंगत्वाचा दाखला हाती येईपर्यंत विमा कंपनीच्या ‘पूर्ण व अंतिम’ व्हाउचरवरही नको.