‘थायरॉइड स्पेशल’ डबा: आईसाठी घेतलेला तीन महिन्यांचा अनुभव

आईला हायपोथायरॉइडिझम (थायरॉइड ग्रंथीचे काम मंदावणे) आहे आणि गुडघ्यांमुळे ओट्याशी फार वेळ उभे राहवत नाही, म्हणून बजाजनगरच्या घरी तिच्यासाठी ‘थायरॉइड स्पेशल’ या नावाने मिळणारा एक घरगुती डबा लावला. दुपारच्या एका डब्याचे महिन्याला 3,000 रुपये पडतात.

चवीबद्दल तक्रारीला जागा नाही. ज्वारीची भाकर दुपारी एक वाजताही मऊ असते, चून कोरडे पडलेले नसते, आणि जवसाच्या चटणीची पुडी सोडली की लसणाचा वास खोलीभर पसरतो.

माझी हरकत होती ती मिठाबद्दल. पहिला महिनाभर सारा स्वयंपाक सैंधवात होत असे आणि डब्याच्या जाहिरात-पत्रकात त्याचाच गौरव केलेला होता. वास्तविक प्रौढ माणसाला दिवसाला 150 मायक्रोग्रॅम आयोडीन लागते, आपल्याकडे ते मुख्यतः आयोडीनयुक्त मिठातूनच मिळते, आणि सैंधवात ते नावापुरतेच असते. डबा चालवणाऱ्या काकूंनी हे फोनवर शांतपणे ऐकून घेतले आणि पुढच्या सोमवारपासून मीठ बदलले. आता त्या ते भाजी उतरवताना घालतात, म्हणजे उष्णतेने आयोडीन कमी उडते.

पत्ताकोबी आणि फुलकोबी त्यांनी पूर्णच वर्ज्य केल्या होत्या. शिजवल्यावर त्यांतील थायरॉइडला बाधक द्रव्ये बरीच कमी होतात आणि बेताने खाल्ल्यास भीतीचे कारण नसते, हे पटल्यावर आईची आवडती फुलकोबी-मटार आठवड्यातून एकदा येऊ लागली.

सकाळचा डबा मात्र मी घेतला नाही. आई सहा वाजता उपाशीपोटी थायरॉइडची गोळी घेते आणि तो डबा सोयादुधासह सव्वासहालाच येतो. सोयामुळे गोळीचे शोषण कमी होते, शिवाय गोळीनंतर अर्धा ते एक तास काही खायचे नसते.

आईची टीएसएच, म्हणजे थायरॉइडच्या रक्तचाचणीतील पातळी, आता मर्यादेत आहे, पण मध्यंतरी डॉक्टरांनी गोळीची मात्रा वाढवली होती, तेव्हा त्याचे श्रेय मी डब्याला देणार नाही. तिची बद्धकोष्ठता कमी झाली आणि ती वेळेवर जेवू लागली, यासाठी मी काकूंची ऋणी आहे.

पत्रकावरची ‘तीन महिन्यांत गोळी बंद’ ही ओळ त्यांनी काढून टाकावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे, कारण ती वाचून आईने एकदा सलग चार दिवस गोळी घेतली नव्हती.