बारवेत मरळ सोडू की पिरान्हा?

कोथरूडच्या आमच्या रविवारच्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळणाऱ्या टोळीतला नवा डीएम (डंजन मास्टर, म्हणजे गोष्ट रचून खेळ चालवणारा) अडकलाय. खेळातल्या पडक्या बारवेत राक्षस कुठला ठेवायचा?

तयारीच्या बाबतीत पिरान्हे सोपे. अख्ख्या थव्याला हिट पॉइंटचा, म्हणजे किती मार सोसेल त्याचा, एकच आकडा, एकच चावा. पाच मिनिटांत काम झालं. पण त्यावर खेळाडूंचा जादूचा आगीचा गोळा पडला की विषयच संपला. शिवाय खरे पिरान्हे कळपात राहतात ते बरंचसं स्वतःचा जीव वाचवायला. भित्रेच म्हणायचे!

मरळीला जरा डोकं लावावं लागतं, पण माल भरपूर आहे. तिला हवा घ्यायला वर यावंच लागतं. शेवाळ हलतं, 'डुब्' आवाज, पुन्हा सामसूम. दोन राउंडनी (सगळ्यांच्या दोन-दोन पाळ्या झाल्या की) एकदा वर आण. खेळाडूंना वार करायची तेवढीच संधी. लालसर पिल्लांचा घोळका दिसला, की राखण करणारे आईबाप जवळच. आणि ती ओल्यातून सरपटते, म्हणजे पायऱ्यांवर पळूनही सुटका नाही.

एका संध्याकाळची धावपळ आणि नवखे खेळाडू असतील तर पिरान्हे घे. तीन-चार रविवार पुरणारी धास्ती हवी असेल तर मरळच. आधी मासळीबाजारात जाऊन परातीत वळवळणारी एखादी बघून ये.