इम्प्लांट, पोटाचं मांस की पॅडची ब्रा?

कॅन्सरमुळं स्तन काढावा लागला की नागपुरात डॉक्टर इम्प्लांटचं, म्हणजे स्तनाच्या जागी सिलिकॉनची पिशवी बसवायचं, विचारतात. बाई गावी येईस्तोवर कुणीतरी सांगून मोकळं होतं: सिलिकॉननं सांधे धरतात.

ही भीती हवेतून आलेली नाही. अमेरिकेत १९९२ मध्ये सिलिकॉन जेलच्या इम्प्लांटवर बंधनं आली, भरपाईच्या दाव्यांच्या ओझ्याखाली ते बनवणाऱ्या डाऊ कॉर्निंग कंपनीनं १९९५ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. पण १९९९ मध्ये तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या तज्ज्ञ संस्थेनं पुरावे तपासले, तेव्हा ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते तो आजार) किंवा स्क्लेरोडर्मा (त्याच जातीचा, कातडी कडक करणारा) यांच्याशी संबंध सिद्ध झाला नाही. २००६ मध्ये जेलचे इम्प्लांट पुन्हा मंजूर झाले. पुढं २०१८ च्या एका मोठ्या अभ्यासात शोग्रेन (डोळे-तोंड कोरडं पाडणारा आजार), स्क्लेरोडर्मा जास्त दिसले. त्या निष्कर्षाशी एफडीए, म्हणजे अमेरिकेचं औषध नियंत्रण खातं, सहमत झालं नाही. तरी २०२१ पासून थकवा आणि सांधेदुखीचा इशारा एफडीएनंच सक्तीचा केलाय. माझं मत: धडधाकट बाईनं एवढ्याच भीतीपोटी इम्प्लांट नाकारू नये. आधीच ल्युपस किंवा आमवात असेल तर मात्र संधिवाताच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय होकार देऊ नये. सलाइनचा, म्हणजे मिठाच्या पाण्यानं भरलेला, घेऊ म्हणाल, तर त्याचंही आवरण सिलिकॉनचंच.

शेजारच्या काकूंना इम्प्लांट नाहीच, तरी सकाळी मूठ वळत नाही, कापूस वेचताना बोंडातून बोटं निघत नाहीत. कारण निघालं लेट्रोझोल, स्तनाच्या कॅन्सरवरची गोळी. इम्प्लांट असता तर सगळा दोष त्याच्याच माथी गेला असता.

खरी अडचण मला वेगळी वाटते. जेलचा इम्प्लांट आतल्या आत फाटला तरी कळत नाही, म्हणून पाच-सहा वर्षांनी आणि मग दर दोन-तीन वर्षांनी एमआरआय किंवा सोनोग्राफी करायला सांगतात. तालुक्याच्या गावाहून, वावरातली कामं टाकून, हे जमेल का?

पोटाचं मांस वापरून स्तन बनवला तर सिलिकॉनचा प्रश्नच नाही. पण ऑपरेशन लांबलचक, आणि पोटाचा स्नायू घेतला तर हर्नियाचा धोका. पाण्याचा गुंड डोक्यावर घेणाऱ्या बाईनं हे आधीच विचारावं.

पॅडची ब्रा सगळ्यात स्वस्त. नुसता कापूस भरला तर पॅड वर सरकतं, थोडं वजन हवंच. काहीच न घालणं हाही पर्याय आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

इम्प्लांट घेतलाच तर कंपनीचं नाव आणि नंबर असलेलं कार्ड मागून घ्या, फाइलीत ठेवा. डोळे-तोंड कोरडं पडणं, थंडीत बोटं पांढरी होणं, सकाळी तासभर सांधे आखडणं सुरू झालं तर ते कार्ड घेऊनच डॉक्टरांकडं जा.